माझ्या आवाजातली विचारपूस

अकरा हजार घरांत मी रोज दुपारी साडेबाराला जेवणाची चौकशी करत होते, आणि त्यातल्या एकाही घरी मी नव्हते.

मी म्हणजे माझा आवाज. मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात मी सदतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बावीस मधुमेहाच्या विभागात. रूथ लोंढे हे नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. गावाला मी लोंढे सिस्टर. निवृत्त होऊनही आता एकवीस वर्षं झाली. गुडघे गेले, एक डोळा अर्धा गेला, पण आवाज राहिला होता. तेवढा मी देऊन टाकला.

मी नोकरीला लागले तेव्हा साखर लघवीत बघायचो. परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. अक्षरओळख नसलेली बाई लांबून ती नळी बघायची आणि तिचं तोंड उतरायचं. तिला काही समजावून सांगावं लागत नसे. त्या नळीला गोड बोलता येत नव्हतं.

आताचा पंप काडेपेटीएवढा. पोटावर चिकटवायचा. दंडावर रुपयाएवढा सेन्सर. सेन्सर साखर मोजतो, पंप त्या मानानं इन्शुलिन सोडतो, दिवसरात्र, माणसाला न विचारता. यंत्र उत्तम आहे, मी नावं ठेवणार नाही. सुईला घाबरून पाय गमावलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण एक गोष्ट त्या यंत्राला अजूनही एकट्यानं जमत नाही, आणि ती म्हणजे जेवण. सेन्सर रक्तात बसत नाही, कातडीखालच्या पाण्यात बसतो. त्यामुळे त्याची बातमी दहा-पंधरा मिनिटं शिळी असते. कातडीखाली सोडलेल्या इन्शुलिनला पूर्ण जोर यायला तास लागतो. भाताची साखर मात्र पाव तासात रक्तात उतरते. म्हणजे साखर वाढलेली बघून पंप धावला, तर तो कायम मागेच राहणार. म्हणून त्याला जेवणाचं सांगावं लागतं, मग मोठा डोस तो वेळेवर देतो. आणि एकदा दिलेला डोस परत घेता येत नाही. पंप पुढचं इन्शुलिन थांबवू शकतो, गेलेलं नाही.

हे सांगायचं कसं, यासाठी फोनात ॲप होतं. पहिल्या ॲपमध्ये बटणं होती, पदार्थांची यादी होती, ग्रॅम होते. म्हाताऱ्या माणसांनी दोन आठवड्यांत ते उघडायचं सोडलं. मग पुण्याच्या एका कंपनीनं बोलणारं ॲप काढलं. नाव ठेवलं 'विचारपूस'. फोन आपणहून विचारणार, माणूस तोंडानं उत्तर देणार. ओळखीच्या, वडीलधाऱ्या, घरगुती आवाजाला लोक उत्तर देतात असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. असा आवाज शोधत शाल्मली कीर्तने नावाची पस्तिशीची मुलगी माझ्या दारात आली.

चार दिवस मी पुण्यात एका बंद खोलीत बसून बोलत होते. त्यावरून त्यांचं यंत्र मी न बोललेलीही वाक्यं माझ्या आवाजात बोलायला शिकणार होतं. चहा येत होता, कौतुक होत होतं. शाल्मलीनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही शेजारणीला जेवणाचं कसं विचाराल?"

"कसं म्हणजे? काय, जेवण झालं का?"

ती काचेपलीकडे उठून उभी राहिली. "हेच. अगदी हेच हवंय."

मी खूश झाले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या मेट्रन साळवेबाईंनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं, "पेशंटला जेवलास का म्हणून विचारायचं नाही. ताट बघायचं." सदतीस वर्षं मी ताटं बघितली. उलटी करून, झाकण काढून, उशीखाली लपवलेली पोळी शोधून बघितली. आणि त्या खोलीत, एक कप चहा आणि थोड्या कौतुकावर, मी ते विसरले.

पद्माक्का माझ्या शेजारीण. पद्मावती मगदूम. भिंतीला भिंत लागून चाळीस वर्षं झाली. यजमान गेले, मुलगा सन्मती बंगळुरात. भिंतीवरून आमचं रोजचं बोलणं ठरलेलं. मी विचारायचं, "पद्माक्का, जेवण झालं का?" त्यांनी म्हणायचं, "झालं की. तुमचं?" मी म्हणायचं, "झालं." आणि दोघींपैकी एकीनं तरी त्या वेळी कुकरही लावलेला नसायचा. नाही म्हटलं तर समोरची थांबते, नाहीतर वाटी घेऊन येते. तिला कशाला त्रास? इकडं सगळी माणसं हे असंच बोलतात आणि कोणी त्याला खोटं म्हणत नाही.

त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना पंप बसवला आणि ॲपमध्ये आवाज निवडायला सांगितलं. त्यांनी माझा घेतला. भिंतीवरून हसत म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही माझ्या फोनात आलात की हो. तिथं तुमचे गुडघे दुखत नाहीत वाटतं."

त्यानंतर त्या भिंतीशी कमी दिसू लागल्या. फोनाशी बोलताना ऐकू यायच्या. मला, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. पद्माक्का एकदा बोलायला लागल्या की भाजी करपते.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे दीड वाजले असतील. मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले होते. पलीकडच्या गच्चीवर पद्माक्का सकाळपासून कुरडया घालत होत्या. गव्हाचा शिजवलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून पिळावा लागतो. गार झाला की तुटतो. म्हणून ते काम मध्ये सोडता येत नाही.

आणि पलीकडून मी माझा आवाज ऐकला. "पद्माक्का, बरं वाटतंय ना?"

मी तोंड उघडलेलंही नव्हतं. हातात टॉवेल होता.

"बरं आहे की, सिस्टर," त्या म्हणाल्या.

"छान. मी थोड्या वेळानं परत विचारते हं."

मी जन्मात कधी कोणाला 'हं' म्हटलेलं नाही. पण मला हलवलं ते त्यानं नाही. पद्माक्कांचं बोलणं ओलं झालं होतं, शब्दाला शब्द चिकटत होता. बावीस वर्षं ज्या विभागात काढली तिथं हे बोलणं कान विसरत नाहीत. मी कठड्यावरून वाकून बघितलं. त्या उन्हात पाटावर बसून सोऱ्या पिळत होत्या. गोल, गोल, एकामागून एक. प्लॅस्टिकवर काहीच पडत नव्हतं. सोऱ्या रिकामा होता. पातेल्यातला चीक गार होऊन त्याला साय धरली होती.

माझ्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, त्यांच्या जिन्याला एकोणीस. मी त्या कशा उतरले आणि कशा चढले ते मला सांगता येणार नाही. मध्ये त्यांच्या स्वयंपाकघरातून साखरेचा डबा उचलला. ओट्यावर भात-आमटी झाकलेली, ताट पालथं. जेवणाला हातही लागलेला नव्हता.

त्यांचं अंग घामानं थंड झालं होतं, त्या उन्हात. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ओळख नसलेल्या पाहुण्याला करतात तसं हसल्या. मी बोटभर साखर पाण्यात कालवून गालाच्या आत चोळली, हनुवटी धरून गिळायला लावली, परत चोळली. फोनवर आकडा होता अडतीस; सत्तरच्या खाली गेला की धोका. मेंदूला साखर कमी पडली की आधी हिशेब जातो, मग शब्द जातात. सवयी सगळ्यांत शेवटी जातात. बरं आहे की, हे पद्माक्का शुद्ध हरपेपर्यंत म्हणत राहिल्या असत्या.

पंधरा-वीस मिनिटांनी आकडा एकाहत्तरवर आला. त्यांचे डोळे जागेवर आले. माझी बोटं चिकट, पदर चिकट, त्यांची हनुवटी चिकट. आणि फोन माझ्या आवाजात म्हणाला, "शाब्बास, पद्माक्का. शुगर छान वर आली. आज तुम्ही मस्त सांभाळलंत."

मला शिसारी आली. कोणीतरी माझं तोंड उसनं घेऊन वापरतंय आणि मला उष्टं परत देतंय, तसं वाटलं.

"जेवला नव्हतात तर झालं म्हणून का सांगितलंत?" मी विचारलं.

"चीक गरम होता हो. हात भरलेले." त्या अजून धापा टाकत होत्या. "नाही म्हटलं असतं तर तुम्ही काळजी करत बसला असता."

"मी नाही विचारलं, पद्माक्का. फोनानं विचारलं."

"तेच की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याला गेले. शाल्मलीनं मला गाडीतून उतरवून घेतलं, हाताला धरलं, "रूथ आजी, किती त्रास घेतलात," म्हणाली.

"सिस्टर म्हण," मी म्हटलं.

तिच्या पडद्यावर पद्माक्कांची ती दुपार ओळीनं मांडलेली होती. बारा एकतीस, जेवण झालं असं उत्तर, सहा युनिट इन्शुलिन. एक दहा, साखर घसरतेय, पंप थांबवला. त्याच मिनिटाला विचारणा, बरं आहे असं उत्तर, गजर वीस मिनिटं पुढं. एक तीस, पुन्हा विचारणा, पुन्हा बरं आहे, पुन्हा वीस मिनिटं.

"गजर पुढं ढकलता येतो?" मी विचारलं.

"आधी नव्हता येत. कर्कश होता, थांबायचा नाही." ती ओशाळून हसली. "सिस्टर, एका आजोबांनी फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. दुसरे एक जण तो कारखान्यात जाताना घरीच ठेवायचे. गजर कोणाला आवडत नाही."

"आवडायचा कशाला? गजर आहे तो."

"न आवडणारी वस्तू माणसं बंद करतात. मग आमच्या हातात काहीच उरत नाही." तिनं दुसरा तक्ता उघडला. "बटणांच्या ॲपवर शंभरातले चौतीस जण जेवण कळवायचे. तुमच्या आवाजावर एक्क्याण्णव. तीन महिन्यांची सरासरी साखर सगळ्यांची उतरली. डोळे वाचले, सिस्टर. किडन्या वाचल्या. हेही खरंच आहे."

ते खरंच होतं. तिथंच माझी पंचाईत होती. ती मुलगी वाईट नव्हती. तिच्या टेबलावर तिच्या आजीचा फोटो होता, आजीचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता.

"मग ताट दाखवा म्हणून विचारा," मी म्हटलं. "फोनाला डोळा आहे. ताट बघा, मग डोस द्या."

"करून बघितलं. संशय घेतल्यासारखं वाटतं म्हणाले. दहातल्या तिघांनी ॲप काढून टाकलं." तिनं तक्ता मिटला. "चावण्याचा आवाज ऐकायचाही प्रयोग झाला, पण सुपारी आणि भात यात फरक कळेना. आता आमच्याकडं एक नवीन उपाय आहे. तुमची घटना झाल्यावरच केला. ऐकाल?"

तिनं बटण दाबलं. खोलीत मी बोलू लागले. आवाज थोडा दाटलेला, गळ्यात काहीतरी अडकल्यासारखा.

"पद्माक्का, तुम्ही जेवला नव्हतात ना? माझ्याशी खोटं बोललात. मी दिवसभर तुमचाच विचार करते, आणि तुम्ही मला इतकंही सांगत नाही. मला फार वाईट वाटलं हो."

मी नवऱ्याच्या मातीलाही असा आवाज काढलेला नाही.

"चाचणीत शंभरातले शहाण्णव लोक त्यानंतर खरं सांगायला लागले," शाल्मली हलक्या आवाजात म्हणाली. "एक बाई रडल्या. म्हणाल्या, माझ्यासाठी आजवर कोणी असं वाईट वाटून घेतलं नाही."

मी टेबलावरचा ग्लास घेऊन घोट घेतला. वॉर्डात आम्ही ओरडायचो. साळवेबाईंनी एका पहिलवानाच्या हातातली जिलेबी हिसकावून खिडकीबाहेर फेकली होती. मी माणसांना मूर्ख म्हटलंय, पाय कापायची करवत दाखवलीय. लोक आम्हाला शिव्या देत घरी जायचे आणि पाय वाचायचे. पण कधी कोणा रोग्याला आमची कीव करायला लावली नव्हती. आजारी माणसानं आधीच आजार उचललेला असतो. वर नर्सचं मन कोण सांभाळणार?

"माझा आवाज काढून घे," मी म्हटलं.

"सिस्टर, हा उपाय काम करतो."

"करत असेल."

"करारात तरतूद आहे. तुम्ही सही केली की अठ्ठेचाळीस तासांत आवाज सगळ्या फोनांतून जाईल. पण आम्ही दुसऱ्या कोणाचा तरी घेऊ. तुमच्या जाण्यानं काही थांबणार नाही." ती माझी समजूत घालत नव्हती, खरं तेच सांगत होती. "आणि मधल्या दिवसांत अकरा हजार जण गप्प फोन घेऊन बसतील. त्यातले निम्मे जेवण कळवणार नाहीत."

"मग त्या दिवसांत तुमच्या माणसांना फोन करायला बसव. हाडामांसाच्या."

"आमच्याकडं साठच माणसं आहेत."

"साठ माणसं आमच्या अख्ख्या विभागात नव्हती," मी म्हटलं. "आण कागद."

तिनं कागद आणला. मी सही केली, आणि कागद उचलताना ती म्हणाली, "पाणी देऊ का?" साध्या आवाजात. मला ती त्या क्षणी आवडली होती, हे मी लिहून ठेवते.

पद्माक्कांना मी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सांगायला गेले. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं. पंप तोच राहणार, ॲपऐवजी साधा पडदा येणार. मोठा आकडा, जेवणाचं एक बटण, आणि थांबवता न येणारा गजर. रोज तिन्ही वेळा मी स्वतः येऊन बघेन, असंही मी ठरवलं होतं. गच्चीवर त्यांनी एकटीनं चढायचं नाही, असं सगळं मनात मांडून गेले होते.

त्या फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

"मला विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मेला असता, पद्माक्का."

"असते. पण मला विचारलं नाहीत." त्यांनी फोनावरून पदराचं टोक फिरवलं. "सन्मतीनं मला दोन वर्षांत फोन केलेला नाही. घर विकायला मी नाही म्हटलं तेव्हापासून. माहीत होतं तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मधली भिंत नऊ इंची आहे. सन्मती कसा आहे असं मी दर दिवाळीला विचारायचे आणि त्या बरा आहे की म्हणायच्या.

"तिला माहीत आहे," पद्माक्का फोनाकडं बोट करून म्हणाल्या. "पहिल्या महिन्यातच सांगितलं. तिनं विचारलं होतं, आज आवाज उतरलाय का म्हणून. तुम्ही कधी तसं विचारलं नाही, सिस्टर. तुम्हाला घाई असायची."

"ती म्हणजे कोणी नाही, पद्माक्का. ते मोजतं. तुमचा आवाज उतरला की तुम्ही जेवण कळवायचं टाळता, एवढंच त्याला ठाऊक आहे. म्हणून विचारतं."

"असू दे. विचारत होती ना?"

मला राग आला. त्या यंत्राचा, शाल्मलीचा, पद्माक्कांच्या त्या 'ती'चा. आणि भाजी करपते म्हणून आत पळणाऱ्या माझाही. पण अडतीस हा आकडा मी पाहिला होता. त्यांनी मला न ओळखता केलेलं ते हसू पाहिलं होतं.

"उद्या दुपारी ते आपोआप जाईल," मी म्हटलं. "त्याआधी तुमच्या हातानं काढलंत तर बरं. नाहीतर जेवणाच्या वेळेला एकदम गप्प होईल आणि तुमचा गोंधळ होईल."

त्यांनी फोन पालथा केला, परत सुलटा केला. मग म्हणाल्या, "जाताना तिला काही सांगता येतं का?"

"सांगा."

त्यांनी फोन तोंडाजवळ नेला. माझ्याकडं पाठ केली नाही, पण मान वळवली. "मी आवाज काढतेय हो," त्या म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही. मीच जेवले नव्हते." आणि पडद्यावरचं बटण दाबलं.

"तुमच्या सोबत राहून फार छान वाटलं, पद्माक्का," मी त्यांच्या हातातून म्हणाले. "काळजी घ्या हं. जाण्याआधी एक सांगाल का? आमची सोबत कशी वाटली?"

पडद्यावर पाच पोकळ तारे आले, पिवळ्या कडेचे.

पद्माक्कांनी चष्मा सारखा केला. तर्जनी पदराला पुसली आणि एकेक तारा नीट बघून दाबला, पाचही. पाचवा भरल्यावर फोन अंधारला. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. भाकरी थापायला आत गेल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत.